मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने: अंतर किती, वेळ किती? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मुलगा-सून एडिसनला आणि आई-बाबा ठाण्याला किंवा कोथरूडला, अशी घरं आता गल्लोगल्ली सापडतात. तिकीट काढण्याआधी आणि काढून झाल्यावर या घरांतून जे प्रश्न हमखास येतात, त्यांची उत्तरं इथे एका जागी दिली आहेत. न्यूयॉर्क म्हणजे जेएफके विमानतळ असं धरलं आहे. शेजारच्या न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळाबद्दल पुढे वेगळं लिहिलं आहे.

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर नेमकं किती?

सुमारे १२,५५० किलोमीटर. मैलांत सांगायचं तर ७,८०० च्या आसपास, आणि वैमानिक ज्या सागरी मैलांत मोजतात (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किमी) त्यात साधारण ६,७७५. पृथ्वीचा घेर ४०,००० किमी धरला, तर जवळजवळ एक तृतीयांश पृथ्वी.

हा आकडा पृथ्वीच्या गोलाव्यावरून मोजलेल्या सर्वांत जवळच्या वाटेचा आहे. कुठलंही विमान नेमकं त्या वाटेने जात नाही. वारा, बंद हवाई हद्दी, अटलांटिकवरचे ठरवून दिलेले मार्ग हे सगळं सांभाळताना १३,००० किमीच्या पुढे उड्डाण होणं अगदी नेहमीचं आहे.

मग प्रवासाला वेळ किती लागतो?

न थांबणाऱ्या विमानाने मुंबईहून जाताना साधारण १६ तास, येताना १४ ते १५ तास. ऋतू आणि मार्ग यांप्रमाणे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. तुमच्या तारखेचा आकडा तुमच्या तिकिटावर असतो आणि तोच धरा. इंटरनेटवरची 'अंतर काढा' छापाची पानं किलोमीटरला एका ठरावीक वेगाने भागून मोकळी होतात. १२,५५० भागिले ९०० केलं की चौदा तास येतात, आणि आई-बाबांना "चौदाच तास गं" असं सांगितलं जातं. जाताना ते चौदा नसतात.

जाताना जास्त आणि येताना कमी, असं का?

वाऱ्यामुळे. जमिनीपासून ९ ते १२ किमी उंचीवर, म्हणजे नेमकी विमानं उडतात त्या थरात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहत असतात. यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि उत्तर अटलांटिकवर ताशी २०० किमीच्या वरचा वारा ही काही बातमी नसते.

हिशेब सोपा आहे. हवेच्या तुलनेत विमानाचा वेग ताशी ९०० किमी धरा. न्यूयॉर्कला जाताना संपूर्ण वाटेवर सरासरी ६० किमीचा वारा समोरून आला, तर जमिनीवरून मोजलेला वेग ८४० होतो आणि १३,००० किमीला साडेपंधरा तास लागतात. येताना तेवढाच वारा पाठीशी असेल तर वेग ९६०, आणि तेच अंतर साडेतेरा तासांत. दोन तासांचा फरक इथेच पडला. समोरच्या सीटमागच्या स्क्रीनवर 'ग्राउंड स्पीड' दिसतो, त्यावर लक्ष ठेवा. परतीच्या वाटेवर कॅनडाचा किनारा सोडल्यावर हा आकडा कधी कधी हजाराच्या वर जातो.

वारा किती महत्त्वाचा असतो याचं माझं आवडतं उदाहरण मुंबईचं नाही, दिल्लीचं आहे. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी प्रशांत महासागरावरून न्यायला सुरुवात केली. वाट १३,९०० किमीवरून १५,३०० किमी झाली आणि तरीही प्रवासाचा वेळ घटला, कारण सगळी वाट वारा पाठीशी.

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाताना न्यूयॉर्क आपणहून जवळ यायला नको का?

हा प्रश्न शाळकरी मुलं विचारतात आणि मोठी माणसं विचारायला लाजतात. मुंबईची जमीन ताशी जवळपास १,५८० किमी वेगाने पूर्वेला सरकत असते हे खरं. पण तिच्यावरची हवाही तिच्याबरोबर फिरते, आणि विमान त्या हवेत उडतं. धावत्या लोकलच्या डब्यात उडी मारली तरी तुम्ही मागच्या डब्यात पडत नाही, तसंच हे. फायदा-तोटा होतो तो फक्त हवा जमिनीच्या तुलनेत जितकी सरकते तितकाच, म्हणजे वाऱ्याइतका.

नकाशावर न्यूयॉर्क सरळ पश्चिमेला दिसतं. मग स्क्रीनवर विमान आइसलँडकडे का वळतं?

भिंतीवरचा नकाशा सपाट असतो आणि पृथ्वी नसते. घरात पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या, एक टोक मुंबईवर, दुसरं न्यूयॉर्कवर ठेवा आणि ताणा. दोरा अरबी समुद्र आणि आफ्रिकेवरून न जाता थेट उत्तरेकडे चढेल.

कागदावर ही सर्वांत जवळची वाट कशी जाते ते पाहण्यासारखं आहे. मुंबईहून वायव्येला पाकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान. मग पश्चिम कझाकस्तान. पुढे रशियात शिरून मॉस्कोच्या आग्नेयेला रियाझानजवळून, सेंट पीटर्सबर्गच्या किंचित दक्षिणेने. मग फिनलंडचं दक्षिण टोक, स्वीडन आणि नॉर्वेतलं ट्रॉन्डहाइम. आइसलँडचा दक्षिण भाग ओलांडून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला चाटून जाते, आणि शेवटी लॅब्राडोर, क्वेबेक आणि मेन राज्यावरून न्यूयॉर्क. सर्वांत उत्तरेला ती जवळपास ६५ अक्षांशापर्यंत पोचते. म्हणजे उत्तर ध्रुवावरून विमान जातं हा समज चुकीचा आहे. या वाटेवर ते आर्क्टिक वृत्तसुद्धा ओलांडत नाही.

पण हे विमान पाकिस्तान, अफगाणिस्तान, रशिया यांच्यावरून खरंच जातं का?

कोणाचं विमान आणि कोणत्या वर्षी, यावर ते अवलंबून आहे. आकाश रिकामं दिसत असलं तरी त्यालाही हद्दी आहेत.

पाकिस्तानने २४ एप्रिल २०२५ रोजी भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. भारताने ३० एप्रिलला तसंच उत्तर दिलं आणि नंतर दोन्हीकडून महिन्या-महिन्याने मुदत वाढत गेली. असं बंद असतं तेव्हा मुंबईहून निघालेलं भारतीय कंपनीचं विमान आधी अरबी समुद्र ओलांडून ओमानकडे जातं, मग आखाती भाग, तुर्कस्तान, युरोप आणि अटलांटिक. अंतर तेरा हजारांच्या वर जातं, म्हणजे वळसा साधारण पाचशे किमीचा. मुंबईला हे तसं परवडतं, कारण समुद्र दाराशीच आहे. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी दक्षिणेला गुजरातकडे येऊन मग पश्चिमेला वळावं लागतं. २०२५ मध्ये दिल्लीहून अमेरिकेला जाणारी काही विमानं इंधनासाठी व्हिएन्ना आणि कोपनहेगनला थांबवावी लागली ती याच कारणाने.

पश्चिम आशियात तणाव वाढला की इराण-इराकवरची आकाशंही बंद होतात. मग उरलेल्या अरुंद पट्ट्यातून सगळ्यांची विमानं एकामागे एक जातात आणि वेळ आणखी वाढतो.

रशियाची गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना ते आकाश बंद झालं, भारतीय कंपन्यांना नाही. अमेरिकेच्या युनायटेड कंपनीने त्या वर्षीच्या मार्चमध्ये नेवार्क–मुंबई सेवा थांबवली त्यामागे हेच होतं. म्हणून 'न थांबता कोण नेतं' या प्रश्नाचं उत्तर दोन-तीन वर्षांपूर्वीच्या आठवणीवर देऊ नका. बुकिंग करताना ताजं वेळापत्रक पाहा.

दिल्लीहून न्यूयॉर्क जवळ आहे ना? मग दिल्लीहून जावं का?

जवळ आहे. दिल्ली–जेएफके सुमारे ११,७५० किमी, म्हणजे मुंबईपेक्षा ८०० किमी कमी. पण मुंबई ते दिल्ली जायलाच ११०० किमीच्या वर आणि दोन तास लागतात, शिवाय तिथे विमान बदलायचं. भाड्यात घसघशीत फरक असेल तरच विचार करा, नाहीतर नको.

दुबई किंवा लंडनहून गेलं तर अंतर खूप वाढतं का?

इथे बहुतेकांना आश्चर्य वाटतं. अजिबात नाही. मुंबई–दुबई १,९३० किमी आणि दुबई–जेएफके ११,००० किमी, बेरीज १२,९३०. म्हणजे सरळ वाटेपेक्षा चारशे किमीसुद्धा जास्त नाही. लंडनहून तर त्याहून कमी वळसा: मुंबई–हीथ्रो ७,२०० आणि हीथ्रो–जेएफके ५,५५०, मिळून पावणेतेरा हजार. फ्रँकफर्टही साधारण तेवढंच.

वाढतो तो वेळ. दोन-तीन तासांचा थांबा असेल तर एकूण वीस-बावीस तास, आणि थांबा लांबला तर छत्तीससुद्धा. पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला सलग सोळा तासांपेक्षा मध्ये हातपाय मोकळे करणं बरं वाटू शकतं. माझं मत विचाराल तर, इंग्रजी बोलण्याचा संकोच असलेल्या आणि पहिल्यांदाच एकट्याने जाणाऱ्या ज्येष्ठांनी न थांबणारं विमान घ्यावं, दहा-पंधरा हजार जास्त पडले तरी. परक्या विमानतळावर रात्री तीन वाजता गेट शोधणं हे सोळा तास बसण्यापेक्षा जास्त दमवणारं असतं. ज्यांना सवय आहे त्यांनी लंडन किंवा फ्रँकफर्टचा विचार खुशाल करावा, कारण वाट बरोबर मधे तुटते. दुबई-दोहाहून पहिला टप्पा तीन तासांचा आणि दुसरा चौदाचा, म्हणजे थांबा घेऊनही लांबचं बसणं काही टळत नाही.

अबूधाबीची एक सोय सांगण्यासारखी आहे. तिथे अमेरिकेचं इमिग्रेशन विमानात बसण्यापूर्वीच उरकतं, त्यामुळे न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. मात्र या तपासणीला लागणारा वेळ थांब्यात धरलेला हवा. दीड तासाचं कनेक्शन असेल तर घेऊ नका.

तिकिटावर एकच फ्लाइट नंबर आहे. म्हणजे विमान मध्ये कुठे थांबणार नाही ना?

तसं गृहीत धरू नका. एकाच नंबरचं विमान मध्ये इंधनासाठी किंवा प्रवासी घेण्यासाठी थांबू शकतं. तिकिटाच्या तपशिलात 'स्टॉप्स'समोर शून्य आहे का ते बघा.

१५ तारखेच्या रात्री १:३० चं विमान आहे. विमानतळावर कधी जायचं?

१४ तारखेला रात्री. हा प्रश्न या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण इथे चूक झाली तर विमान सुटतं आणि पैसेही जातात. तिकिटावर '१५ तारीख, ०१:३०' छापलेलं असतं, आपण मनात '१५ ला रात्री' असं म्हणतो आणि १५ तारखेला जेवून-खाऊन, आवराआवर करून विमानतळावर पोचतो. तोवर विमान अमेरिकेत उतरलेलं असतं.

उपाय: कॅलेंडरवर १५ च्या चौकटीत काहीच लिहू नका. १४ च्या चौकटीत लिहा, 'रात्री ९ ला घरातून निघणे'.

रात्री दीडला निघून सोळा तासांनी पोचायचं, तरी त्याच दिवशी सकाळी कसे पोचतो?

भारतीय प्रमाणवेळ न्यूयॉर्कच्या साडेनऊ किंवा साडेदहा तास पुढे असते. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. २०२६ साठी त्या तारखा ८ मार्च आणि १ नोव्हेंबर. उन्हाळी वेळेत फरक साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा.

रात्री १:३० अधिक १६ तास म्हणजे आपल्या घड्याळात संध्याकाळचे ५:३०. त्यातून साडेनऊ तास वजा केले की न्यूयॉर्कमध्ये सकाळचे ८. हिवाळ्यात ७. उलट येताना सकाळी ११:३० ला निघालात आणि साडेचौदा तास लागले, तर उन्हाळी वेळेच्या काळात मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३० वाजता उतराल. घड्याळात एक अख्खा दिवस गेलेला दिसेल.

रात्री निघणाऱ्या विमानांना हिवाळ्यात एक गंमत घडते. ६० अक्षांशावर पृथ्वीच्या फिरण्याचा वेग ताशी ८३५ किमी असतो, म्हणजे पश्चिमेला जाणाऱ्या विमानाच्या वेगाइतकाच. त्यामुळे तेवढ्या उत्तरेला गेल्यावर सूर्य आणि विमान यांची शर्यत बरोबरीत राहते आणि बाहेरची रात्र पुढे सरकतच नाही. डिसेंबरच्या शेवटी मुंबईत संध्याकाळी सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. रात्री दीडला निघालात, सोळा तास उडालात, तर न्यूयॉर्कला सकाळी सातला उतरतानाही सूर्य उगवलेला नसतो. तिथला सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला. म्हणजे सूर्यास्त ते सूर्योदय जवळजवळ चोवीस तासांची रात्र. जाताना उजव्या बाजूची खिडकी मिळाली, विमान बरंच उत्तरेकडून गेलं आणि आकाश निरभ्र असलं तर आइसलँडच्या आसपास हिरवट उत्तरप्रकाश दिसण्याची शक्यता असते. केबिन क्रू खिडक्या बंद करायला सांगतात. हळूच डोळा लावून बघता येतं. जूनमध्ये याच्या उलट, त्या अक्षांशांवर पूर्ण काळोख होतच नाही.

तिकिटावर १६ तास, पण वैमानिकाने 'फ्लाइट टाइम पंधरा तास वीस मिनिटं' सांगितलं. खरं काय?

दोन्ही. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून समोरच्या गेटला लागेपर्यंतची असते. वैमानिक हवेतला वेळ सांगतो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत आणि गर्दीच्या वेळी विमानांना रांगेत उभं राहावं लागतं. जेएफकेलाही धावपट्टीपासून गेटपर्यंतचा प्रवास चांगला वीस मिनिटांचा होऊ शकतो. कंपन्या हे सगळं धरून वेळापत्रक थोडं सैल ठेवतात. म्हणूनच पाऊण तास उशिरा सुटलेलं विमानही कधी कधी वेळेवर पोचतं.

इतकं इंधन विमान एकदम नेतं?

नेतं. बोइंग ७७७-३००ईआर या जातीच्या विमानाच्या टाक्यांत सुमारे १,८१,००० लिटर इंधन मावतं आणि तासाला सरासरी सात-आठ टन जळतं. निघताना विमान इतकं जड असतं की लगेच फार उंच जाऊच शकत नाही. सुरुवातीला एकतीस हजार फुटांच्या आसपास उडतं आणि इंधन जळून हलकं झालं की पायरी-पायरीने वर जातं. वाटेत नऊ-दहा तासांनी इंजिनांचा आवाज थोडा वाढला आणि नाक किंचित वर झालं, तर घाबरू नका, तीच पायरी आहे. अशा लांबच्या उड्डाणावर वैमानिकांच्या दोन जोड्या असतात आणि एक जोडी झोपलेली असते. त्यांच्यासाठी बंक असतात.

हे जगातलं सर्वांत लांबचं उड्डाण आहे का?

नाही. सिंगापूर–जेएफके सुमारे १५,३५० किमी आहे आणि त्याला अठरा तासांच्या वर लागतात.

पूर्वी लोक कसे जायचे?

एअर इंडियाचं न्यूयॉर्कचं पहिलं विमान १४ मे १९६० ला गेलं, बोइंग ७०७, लंडनमार्गे. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं मध्ये कुठेतरी उतरण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. मुंबई–जेएफके न थांबता जाणारं एअर इंडियाचं विमान १ ऑगस्ट २००७ ला सुरू झालं, बोइंग ७७७-२००एलआर घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या कॉन्टिनेन्टल कंपनीने नेवार्क–मुंबई सुरू केलं. नंतर या सेवा बंद पडल्या, पुन्हा आल्या. एअर इंडियाने मुंबई–जेएफके फेब्रुवारी २०२३ मध्ये नव्याने चालू केलं.

जेएफके घ्यावं की नेवार्क?

हवेतल्या अंतरात दहा-पंधरा किलोमीटरचा फरक, तो सोडून द्या. मुलं कुठे राहतात ते बघा. एडिसन, जर्सी सिटी, पिस्कॅटवे म्हणजे नेवार्क. क्वीन्स किंवा लाँग आयलंड म्हणजे जेएफके. दोन विमानतळांत सरळ रेषेत तीस-पस्तीस किमीच अंतर आहे, पण मध्ये अख्खं न्यूयॉर्क पसरलेलं आहे आणि संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास सहज जातात. सोळा तास उडून आल्यावर ते दोन तास फार जड जातात.

पुढे डॅलस किंवा शिकागोचं विमान असेल आणि अबूधाबीमार्गे आला नसाल, तर लक्षात ठेवा: अमेरिकेत पहिल्यांदा जिथे उतराल तिथेच इमिग्रेशन होतं, तिथेच सामान ताब्यात घ्यायचं आणि कस्टम्स पार करून पुन्हा द्यायचं, मुंबईत बॅगेला शेवटच्या गावाचा टॅग लावला असला तरी. तीन तासांपेक्षा कमी कनेक्शन नको.

पुण्याहून निघणाऱ्यांनी एकूण वेळ किती धरावा?

चोवीस तासांच्या वरच. पुणे ते सहारचं टर्मिनल २ हे दीडशे किमीच्या आसपास, पण खंडाळ्याचा घाट आणि सायन-पनवेल रस्ता कधी काय करेल सांगता येत नाही, म्हणून पाच तास हाताशी ठेवा. विमानतळावर तीन ते चार तास आधी. अमेरिकेच्या विमानांना गेटपाशी आणखी एकदा तपासणी होऊ शकते. मग सोळा तास उड्डाण, इमिग्रेशनच्या रांगेत एक-दोन तास आणि पुढे गाडी. रविवारी संध्याकाळी किंवा लागून सुट्टी संपताना एक्स्प्रेसवेवर निघायचं असेल तर दुपारीच निघा आणि मुंबईत कुणाकडे तरी चहा घ्या.

आई-बाबांचं वय सत्तरीच्या पुढे आहे. सोळा तास झेपतील का?

तब्येत ठीक असेल तर बहुतेकांना झेपतात. व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा. चालता येत असलं तरी मागा. टर्मिनल २ आणि जेएफके दोन्हीकडे चालणं फार आहे. आईलची, म्हणजे मधल्या वाटेकडची सीट घ्या आणि दीड-दोन तासांनी उठून फेरी मारा. तासन्‌तास एका जागी बसल्याने पायाच्या शिरांत गुठळी होण्याचा धोका वाढतो. आधी असा त्रास झाला असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल किंवा हृदयविकार असेल, तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा.

औषधं हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट. इन्सुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट नक्की विचारून घ्यावी: पश्चिमेला जाताना तुमचा दिवस साडेनऊ-साडेदहा तासांनी लांबतो, तेव्हा डोस कोणत्या घड्याळाने घ्यायचा? हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या.

जेट लॅग किती दिवस राहतो?

शरीराचं घड्याळ दिवसाला तास-दीड तासच सरकतं, म्हणजे पूर्ण बसायला आठवडा लागतो. जाताना त्रास थोडा कमी, येताना जास्त. बहुतेकांच्या शरीराला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही. पोचल्यावर सकाळच्या उजेडात बाहेर चाला आणि दुपारी आडवे झालात तर गजर लावूनच. पहाटे तीनला जाग येऊन आजोबा स्वयंपाकघरात चहाचं भांडं शोधत असतील, तर पहिले चार-पाच दिवस ते धरूनच चाला.

दुबईमार्गे जाताना फराळ नेता येतो का?

खसखस असलेला नको. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे आणि ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. अनारशांवर खसखस असते, काही घरांत लाडवांतही घालतात. विमान बदलण्यापुरतेच उतरणार असाल तरी तिथून जाताना सामानात खसखस ठेवण्याचा धोका पत्करू नका. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही ठेवून द्या. तेलामुळे खोबरं पेट घेऊ शकणाऱ्या मालात मोडतं. अमेरिकेत ताजी फळं, बियाणं, मांसाचे पदार्थ चालत नाहीत. चकली, शंकरपाळे, भाजणी, मेतकूट नेलं तर कस्टम्सला खाण्याचे पदार्थ आहेत असं सांगा. सांगितल्याने काही बिघडत नाही, लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

नवी मुंबईच्या विमानतळावरून न्यूयॉर्कला जाता येईल का?

तिथून व्यावसायिक उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ ला सुरू झाली, सुरुवात देशांतर्गत मार्गांनी. तुमच्या तिकिटावर 'बीओएम' असेल तर सहार, 'एनएमआय' असेल तर नवी मुंबई. टॅक्सीवाल्याला नुसतं 'एअरपोर्ट' सांगून बसू नका. आकाशातल्या अंतरात दोघांत नाव घेण्याइतका फरक नाही, रस्त्यावर मात्र आहे, विशेषतः पुण्या-पनवेलहून येणाऱ्यांना.

परतीचं विमान ११:३० ला उतरणार आहे. आम्ही घ्यायला कधी निघावं?

उतरल्यापासून बाहेर यायला तास-सव्वा तास लागतो, व्हीलचेअर असेल तर कधी जास्त. परतीचं विमान वाऱ्याच्या जोरावर अर्धा-अर्धा तास लवकरही येतं, त्यामुळे आदल्या दिवशीच्या वेळेवर विसंबू नका. फ्लाइटरडार२४ सारख्या अ‍ॅपवर फ्लाइट नंबर टाका. गेल्या आठवड्यात ते विमान रोज खरोखर किती वाजता उतरलं ते तिथे दिसतं. ठाण्याहून येत असाल तर विमान भारताच्या किनाऱ्यापाशी आलेलं दिसलं की निघा. बाहेर आल्यावर आई-बाबांच्या फोनमधलं इथलं सिम चालू व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात, तेव्हा भेटायची जागा आधीच ठरवून ठेवा.